कोठ्यात बसवलेली कोंबडी

आई सकाळी कधी फोन करायची नाही. सकाळी तिला कामं असायची आणि मलाही असतात. माझी बुटीबोरीच्या कारखान्याची बस प्रताप नगरच्या चौकात सहा-दहाला येते. त्यामुळे संक्रांतीनंतरच्या त्या आठवड्यात पावणेसहाला तिचा फोन आला, तेव्हा डबा भरता भरता मी तो खांद्यानं कानाशी दाबला आणि एकदम विचारलं, "पडली का तू?"

"मी काहून पडू? अस्वल आलतं. कोठ्याचं दार पाडलं त्यानं. तीन कोंबड्या मेल्या." मग म्हणाली, "डब्यात काय नेऊन राहिली?"

मी म्हटलं, पालक. त्या दिवशी बस चुकली.

आमचं गाव रामटेकच्या पुढे, देवलापारच्या बाजूला, जंगलाला लागून आहे. घर गावाच्या शेवटी, वावराच्या बांधाला चिकटून. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहत होती. तिचं वय बहात्तर, गुडघे दुखतात, आणि तेव्हा तिच्याकडे सव्वीस गावरान कोंबड्या होत्या. वावर बटईनं, निम्म्या वाट्यावर, दिलेलं. बैल विकल्यापासून गुरांचा कोठा रिकामाच होता. माझा धाकटा भाऊ मौद्याला नोकरीला आहे. त्याचं आणि माझं आईबद्दल एका वाक्यात सांगता येईल असं भांडण होतं. तो म्हणायचा तिला आता एकटी ठेवायला नको, आणि मी म्हणायची की नीट व्यवस्था लावली तर ती राहू शकते.

व्यवस्था लावणं हे माझं काम आहे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं काढली. कुठली वस्तू कुठल्या मांडणीवर, किती, कधी आली, कधी संपेल, हे सगळं मला डोळे मिटून सांगता येतं. सोबत एक वही असते, तिच्यात कामं लिहिते आणि झाली की खोडते. आईची पानं त्याच वहीत मागच्या बाजूनं सुरू होतात.

शनिवारी रजा टाकून गेले. कोठ्याचं जुनं लाकडी दार आत पडलं होतं आणि त्याच्याखाली खुराड्याचा एक कोपरा चेंगरला होता. तीन कोंबड्या त्यात गेल्या. अस्वलानं एकीलाही तोंड लावलं नव्हतं. त्यानं ढेपीचं, म्हणजे पेंडीचं, पोतं फाडलं होतं, अर्धं खाल्लं होतं, मक्याचा भरडा अंगणभर केला होता आणि सुकटीच्या चुऱ्याची पिशवी चाटून इतकी स्वच्छ केली होती, की मी ती उचलून आधी बाजूला ठेवली, कामाला येईल म्हणून. नंतर टाकून दिली.

हे सगळं खाद्य मीच आणून ठेवलं होतं. आधी आईचा मामला असा होता: दर आठ दिवसांनी राइस मिलमधून थोडी कणी आणि कोंडा आणायचा, तुपाच्या रिकाम्या डब्यात भरायचा आणि डबा स्वयंपाकघरात आढ्याला दोरीनं टांगायचा. गुडघे धरून दर आठवड्याला मिलपर्यंत जायचं, मग डबा वर ओढायचा. मला ते पाहवेना. धान निघाल्यावर मी एका दिवसात कोठा झाडून घेतला, खाली लाकडी फळ्या टाकल्या आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून सात पोती लावली. कणी, कोंडा, मका, शेंगदाण्याची ढेप. अंडी वाढावीत म्हणून सुकटीचा चुरा. प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी आणि उघडल्याची तारीख. खुराडंही अंगणातून उचलून कोठ्यातच नेलं, म्हणजे खाद्य घालायला आईला पोत्यांपासून चार पावलंही चालायला नको. आई दाराशी उभी राहून बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "बरं केलं."

भाऊ रविवारी मौद्याहून आला. पडलेलं दार पाहिलं, मेलेल्या कोंबड्यांची पिसं पाहिली.

"ताई, आता बस झालं. मायले मी घेऊन जातो."

"मी मौद्याले काय करू गा?" आई म्हणाली. "तुया गॅलरीत कोंबड्या ठेवू?"

"कोंबड्या काहून पाहिजेत तुले तिथं? बसून खाय ना."

"बसून खाल्लं तर लवकर मरते मानूस."

"अन् अस्वलानं फाडलं तर काय शंभर वर्सं जगते?"

मी मधे पडले. म्हटलं, होळीपर्यंत मला दे. अस्वल येणं बंद झालं तर आई इथंच राहील, नाही झालं तर तू घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. भावानं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे तिचं घर माझ्या बंदोबस्तावर अवलंबून राहिलं. मला त्याचं ओझं वाटलं नाही. पाच आठवडे होते आणि काम स्पष्ट होतं.

पहिल्या रविवारी पत्रा ठोकलेलं नवं दार बसवलं आणि सगळं खाद्य लोखंडी रिंग लागणाऱ्या निळ्या ड्रममध्ये भरलं. बुधवारी सकाळी फोन आला.

"एक ड्रम नेला."

"कुठं नेला?"

"वावरात. पाडला अन् ढकलत ढकलत नेला. दात लावले, पन झाकन नाही निंगालं त्याच्यानं." आईच्या आवाजात थोडं कौतुकही होतं, ते ड्रमचं होतं की अस्वलाचं ते कळलं नाही. "तू आता ड्रमले साखळी लावशीन. लाव. मंग ते साखळी घेऊन जाईन."

मी साखळी लावली. दुसऱ्या रविवारी मोठा दिवा लावला. तिसऱ्या रविवारी दारावर डबे टांगले, हात लागला की वाजतील असे. ते वाऱ्यानंच वाजत राहिले आणि कोंबड्यांनी चार दिवस अंडी दिली नाहीत. गोवऱ्यांवर मिरच्या टाकून धूर केला, तर आई खोकून खोकून बेजार झाली. शेवटी रानडुकरांसाठी लावतात ती झटका मशीन आणली. बॅटरी, वर सोलरची पाटी, घर आणि कोठा यांच्या भोवती तार. तारेला हात लागला की सणकन झटका बसतो, जीव जात नाही. हे मला पहिल्यापासून करायला हवं होतं असं वाटलं. वहीत त्या पानावर मी शेवटची रेघ मारली.

"तुया वहीत अस्वलाची सही घेतली का?" आईनं विचारलं. "येनं बंद केलं मनून?"

आठ दिवस शांतता होती. नवव्या दिवशी पावणेसहाला फोन. कोठ्याचा पत्रा मागून उचकला होता.

"मशीन चालू होती ना?"

"पत्रा बी वाकला," आई म्हणाली.

"आई, मशीन चालू होती का?"

"बंद केलती मी."

"काहून?"

"मोह पडून राहिला ना आता. पोरी पहाटे जातात वेचाले. आपल्या अंगनातूनच जातात, तुले मालूम नाही का? तुया आजीपासून जातात. मी काय बायाइले झटका देऊ?"

मला मालूम होतं. मी स्वतः लहानपणी त्याच अंगणातून गेले आहे, डोक्यावर टोपली घेऊन, उजाडायच्या आत, आजीच्या मागून. आमच्या घरामागून जंगलात जायचा सोपा रस्ता तोच. गावानं तो कधी मागितला नाही आणि आम्ही कधी दिला नाही, तो होताच. मशीन कुठे लावायची, तार किती लागेल, हे सगळं मी मोजलं होतं. मोहाची फुलं कधी पडतात हे लिहायचं राहिलं होतं.

आता होळीला आठ-दहा दिवस उरले होते. मी वनरक्षकाला गाठलं. तिशीतला माणूस, मोटरसायकलवरून आला, कोठ्याभोवती एक फेरी मारली आणि मागच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तिथं वारूळ आहे, पुरुषभर उंच. वरून फोडलेलं होतं.

"हे जुनं दिसते," तो म्हणाला. "आजी, हे अस्वल इकडं किती वर्सांपासून येते?"

"बाबू, मी लग्न होऊन आली तेव्हाच्या पैलेपासून येतेत," आई म्हणाली. "हे नसन, याची आजी असन. वाळवी खातेत, बोरं खातेत अन् जातेत. घराकडं पाहत बी नव्हते."

"मंग घराकडं कधीपासून पाहून राहिले?"

आई पदरानं हात पुसत राहिली. मीच म्हटलं, "धान निघाल्यानंतर. मी खाद्याचा साठा केला तेव्हापासून."

त्यानं कोठ्यात डोकावून ड्रम पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या. हसला नाही, यासाठी मी त्याची आभारी आहे. "मॅडम, याले कोंबडी नाही पाहिजे. याले वास आला. शेंगदाना ढेप, सुकट, त्याचा वास कोसभर जाते. हे सगळं काढून टाका. कोंबड्या इथून हलवा. अन् आजीले दिवस बुडाल्यावर बाहेर निंघू देऊ नका. वाघ मानसाले पाहून सरकते, हे सरकत नाही. अचानक समोर आलं तर सीधं तोंडावर येते."

"हे सगळं काढलं की येणार नाही ना?"

त्यानं हेल्मेट उचललं. "आता त्याले मालूम झालं ना."

तो गेल्यावर मी आईला विचारलं, तुला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं का.

"काय?"

"की मी पोती आणली म्हणून ते यायला लागलं."

"डबा वरती काहून टांगत होती मी? हौस होती का मले?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

ती चुलीपाशी बसली होती. पाठमोरीच म्हणाली, "तू दिवसभर मरमर केली. चिठ्ठ्या लावल्या. एवढ्या खुशीत होती. मी कशी मनू, उचल मनून?"

बावीस वर्षांत माझ्या हाताखालच्या कुणी चुकीची मांडणी पाहून गप्प बसलं असतं, तर मी त्याला उभं केलं असतं. आईला काय म्हणणार? मी उठून ड्रम रिकामे करायला लागले.

एका दिवसात सगळं खाद्य गावात वाटलं. कोठ्याची जमीन खरवडली, दोनदा शेणानं सारवली. कोंबड्यांचं आईनं स्वतः केलं. आमच्याकडे कोंबडी अर्ध्यावर द्यायची पद्धत आहे. मालकीण कोंबडी देते, दुसरी सांभाळते, जी पिल्लं निघतील ती दोघींत निम्मी. आईनं आयुष्यभर गावातल्या बायकांना अशा एक-दोन कोंबड्या दिल्या होत्या. आता तिनं बावीसच्या बावीस वाटल्या, गावाच्या मधल्या घरांत, चार इथं, पाच तिथं. कुणाकडे किती हे मी वहीत लिहायला घेतलं तर म्हणाली, "लिहू नको. त्यांले वाईट वाटते."

तीन मेल्या, बावीस दिल्या. होळीच्या दिवशी हिशेब केला तेव्हा मी म्हटलं, सव्वीस होत्या ना?

"एक खुडूक आहे," आई म्हणाली. "आजच बसवली मी तिले."

कोठ्याच्या कोपऱ्यात, ड्रममागे माझ्या नजरेला न पडलेल्या जागी, पसरट टोपलीत तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, ती बसली होती. तांबडी, मानेवर काळी पिसं. खाली अकरा अंडी. बसवताना अंडी विषमच ठेवायची असतात, म्हणून अकरा. प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे नंतर दुसरीनं येऊन घातलेलं अंडं ओळखू येतं. टोपलीत एका बाजूला जुन्या विळ्याचं पातं खोचलं होतं, वीज कडाडली तर अंडी वाया जाऊ नयेत यासाठी. वर उलटं डालं झाकलेलं.

"हिला घरात घे."

"हलवली तर उठते. मंग बसत नाही. तूच नाही का ते हलवलती, दहावीत असतानी?"

मी हलवली होती. स्वयंपाकघराचा कोपरा झाडायचा होता म्हणून. तेरा अंडी सडली होती.

होळीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. आदल्याच रात्री अस्वल पुन्हा येऊन गेलं होतं. अंगण हुंगून, काही न मिळाल्यानं रिकामा ड्रम लोळवून गेलं होतं. मी शब्द दिला होता, त्यामुळे काही बोलले नाही. आईच बोलली.

"कोंबडी बसली आहे. एकवीस दिवस नाही येत मी."

"माय, एका कोंबडीसाठी?"

"एका नाही. बारा जीव आहेत."

"अन् एकवीस दिवसानं दुसरी बसवशीन."

"दुसरी आहे कुठं बाबू? वाटल्या ना सगळ्या."

भाऊ कोठ्यात जाऊन टोपलीपुढे उकिडवा बसला. कोंबडीनं पिसं फुलवून त्याच्यावर गुरगुर केली. तो परत आला आणि मला म्हणाला, "ताई, एकवीस दिवस तू मोज. तुया वहीत. बाविसाव्या दिवशी मी गाडी आनतो." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काही झालं ना, तर मी तुले माफ नाही करनार. खरं सांगून राहिलो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो कधी असं बोलत नाही.

कंपनीत मी सलग रजा टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ते दिवस एकसारखे गेले. आई दुपारी बारा वाजता, उन्हं डोक्यावर असताना, कोठ्यात जाऊन डालं उचलायची. कोंबडी उतरून पाणी प्यायची, मूठभर कणी टिपायची, धुळीत अंग घुसळायची आणि परत बसायची. तेवढ्या वेळात आई सांडलेला दाणा न दाणा वेचून घरात आणायची. कणीचा डबा परत आढ्याला टांगला होता. तो मी वर ओढायचे. पाच वाजता आम्ही कोठ्याचं दार लावून घ्यायचो. साडेपाचनंतर बाहेर पाऊल नाही. मशीनही मी काढून ठेवली होती. पहाटे मोह वेचणाऱ्या बायका आता एकट्या न जाता घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत जायच्या. शेजारीण जाता जाता खिडकीतून ओरडायची, "मामी, आहा का?" आणि आई आतून म्हणायची, "आहो वं!"

अस्वल मधे दोनदा येऊन गेलं. सकाळी नुसत्या खुणा दिसायच्या. लांब नखांच्या, माणसाच्या पावलासारख्या.

अठराव्या दिवशी पाचला कोठ्याचं दार लागलं नाही. मागच्या वेळी धडक बसून चौकट तिरकी झाली होती. मी बिजागरीत पाचर ठोकून पाहिली, मग म्हटलं उद्या सुताराला बोलावू, आणि दाराला दगड लावला. मग आम्ही ओसरीवर बसलो. उन्हं अजून शेंड्यांवर होती. मी सुताराचं वहीत लिहीत होते. आई लसूण सोलत होती. ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऊठ. घरात चाल. पळू नको."

मी वर पाहिलं. बांधावरून ते येत होतं. पुढचे पंजे आत वळवून, डुलत, अंगावरचे लांब केस धुळीनं भुरे झालेले, तोंड फिकट. घाई अजिबात नव्हती. रोजचं कामावर येणारं माणूस येतं तसं. आम्ही आत गेलो, दार लावलं, आडणा घातला. खिडकीच्या गजांतून कोठा समोर वीस पावलांवर दिसत होता. त्यानं दगड बाजूला सारला, दारातून आत गेलं आणि दिसेनासं झालं.

मी वहीचं शेवटचं पान काढलं. तिथं क्रमानं नंबर लिहिले होते. वनरक्षक म्हणाला, बाहेर निघू नका, मी दूर आहे, येतो. शेजारणीच्या नवऱ्याचा फोन लागला नाही. तिसरा नंबर भावाचा होता. तो लावला नाही. मग मी थाळी आणि पळी घेतली. फटाक्याची लडही फडताळात आणून ठेवली होती, हाताशी काडेपेटी. सगळं जागच्या जागी होतं.

आईनं माझं मनगट धरलं.

"नको वाजवू."

"आई, आत कोंबडी आहे."

"मनूनच. आतमंधी आहे ते. भेलं तर भिताडावर जाईन, तिच्यावर जाईन. गुपचूप ऱ्हाय."

आम्ही गुपचूप राहिलो. कोठ्यातून आवाज येत होते. आधी जमीन उकरल्याचा. मग फूं फूं असा जोरजोरात फुंकल्याचा आणि लगेच ओढून घेतल्याचा, वारुळातली वाळवी ओढतात तसा. जिथं ढेपीची पोती होती तिथं मुरलेला वास ते ओढत होतं. शेणाचे दोन थर दिलेली ती जागा. आईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तिचा हात मोह वेचून, धान कापून इतका घट्ट आहे की दोन दिवस तिथं निळं राहिलं. मधेच काहीतरी भिंतीवर आपटलं. डालं असावं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, झालं. मी वळून आईकडे पाहिलं नाही.

किती वेळ ते सांगता येणार नाही. एरवी मी घड्याळ पाहिल्याशिवाय राहत नाही. ते बाहेर आलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. नाकाला माती लागली होती. त्यानं एकदा घराकडे तोंड केलं, हुंगलं, आणि आलं तसं बांधावरून गेलं.

आईनं शंभर मोजायला लावले. मी मोजले. मग टॉर्च घेऊन दोघी गेलो. जमीन हातभर खोल उकरली होती आणि तो खड्डा टोपलीपासून वीतभरावर येऊन थांबला होता. डालं पार दुसऱ्या भिंतीशी. टोपलीत कोंबडी बसली होती. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, डोळे सताड उघडे. ती हलली नव्हती. एक अंडं बाहेर घरंगळून फुटलं होतं. आत पिल्लू जवळपास पुरं झालेलं.

आईनं ते तळहातावर घेतलं. मग ती तिथंच उकरलेल्या मातीत खाली बसली. मी तिला धरून घरात आणलं, पाणी दिलं. ती भांडं दोन्ही हातांत धरून बसली.

"तुया भावाले फोन लाव," ती म्हणाली. "मन, येते मी."

मला काय हवं होतं ते त्या क्षणी कळलं. तिनं नाही म्हणावं. तिनं माझी, माझ्या ड्रमांची, माझ्या भावाची थट्टा करावी आणि म्हणावं, जात नाही मी कुठं. मी फोन हातात घेऊन उभी राहिले.

"लाव ना वं," आई म्हणाली.

सुतारानं दार नीट केलं. एकविसाव्या दिवशी दुपारपासून पिल्लं फुटायला लागली आणि रात्रीपर्यंत नऊ निघाली. एक अंडं गाभडं निघालं, फुटलंच नाही. बाविसाव्या दिवशी शेजारीण टोपली न्यायला आली. कोंबडी आणि नऊ पिल्लं, अर्ध्यावर.

"मामी, चार तुमचे, चार माहे. नववं कोनाचं?"

"मोठं होऊ दे. मी येईन तेव्हा पाहू."

"कधी येसान?"

आईनं बाहेर आलेलं एक पिल्लू कोंबडीखाली सारलं. "चार-पाच महिन्यांत मोठे होतेतच ना."

भावानं बोचकी गाडीत टाकली. मी घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, मग दुसरं कुलूप घेऊन कोठ्याकडे निघाले. आईनं गाडीतून हाक मारली.

"त्याले लावू नको. उघडं ठेव दार."

"आई, ते येईल ना."

"येईन तर येऊ दे. पाहीन, काही नाही मनून जाईन. बंद दिसलं तर मनते, आत काहीतरी आहे."

मी दार पूर्ण उघडलं, भिंतीला लागेपर्यंत, आणि ते परत फिरू नये म्हणून पुढ्यात तोच दगड ठेवला. कुलूप पर्समध्ये टाकलं. अजून तिथंच आहे.

याला दोन महिने झाले. आता रोज पावणेसहाला फोन येतो, मौद्याहून. आईला तिथं पहाटे काही काम नसतं. आधी डब्यात काय ते विचारते, मग शेजारणीचा फोन आला होता का. शेजारीण मला कळवते, मी आईला. पहिल्या आठवड्यात अस्वल दोनदा आलं, कोठ्यात जाऊन आलं. नंतर एकदा नुसतं दारात उभं राहिलं. नंतर वारूळ फोडलेलं दिसलं, पण अंगणात खुणा नव्हत्या. पिल्लांतलं एक घारीनं नेलं, आठ आहेत. आता वाटणीचा प्रश्न राहिला नाही, असं मी म्हटलं तर आईनं विचारलं, घारीनं नेलं ते कोणतं.

आज सकाळी मी सांगितलं, अठरा दिवस झाले, काहीच खुणा नाहीत.

"मंग ते नसन येत आता," आई म्हणाली, "तर जाऊ का मी?"

वहीचं पान समोर उघडं होतं. वनरक्षकाला विचारलं तर तो काय म्हणेल हे मला माहीत आहे, आणि भाऊ काय म्हणेल तेही. मी म्हटलं, आई, बस आली माझी. बस अजून यायची होती.